चक्का कुणी खाल्ला? (भावंडं, घरचं जनावर आणि त्याच्यावर घातलेला आळ)

कृष्णाकाठची

गेल्या आठवड्यात वाईच्या वाड्यातलं शेवटचं सामान काढलं. माळ्यावर कौलांच्या फटीतून उजेडाची एक तिरीप येते, ती जिथे पडते त्या कोपऱ्याशी दादा आणि मी उभे राहिलो. बराच वेळ दोघांनाही बोलायला सुचेना. १९८७ च्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात, जुन्या गोधडीवर, आमची मनी व्याली होती.

आम्ही तिघं. दादा दहा वर्षांचा, मी सात आणि बाळ्या चार. मनी पांढरी, कपाळावर काळा ठिपका, शेपटीचं टोक जरासं वाकडं. ती आमच्या वाटणीची होती, म्हणजे मोठी माणसं तिला दूधभात घालायची पण हाक आमचीच ऐकायची. आम्ही तिचे हाल काही कमी केले नाहीत. तिला बाहुलीचं झबलं घालून दुपट्यात गुंडाळायचो. मांजर कसंही पडलं तरी चार पायांवर पडतं, हे दादाने कुठेतरी ऐकलं आणि गाद्यांच्या चळतीवर उभं राहून तिला उताणी धरून सोडलं. खाली मी उशा मांडून बसले होते. ती हवेतच वळली आणि पायांवर उतरली. दादाने ते आणखी चारदा करून पाहिलं. एकदा तिच्या डाव्या बाजूच्या मिशा शिवणाच्या कात्रीने कापल्या. त्यानंतर कितीतरी दिवस ती अंधारात दाराच्या चौकटीला घासत, थांबत थांबत चालायची. मला ते बघवत नसे, पण मी घरात सांगितलंही नाही.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला आजीने श्रीखंड करायचं ठरवलं. आदल्या दुपारीच दही पांढऱ्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलं, खाली पितळी पातेलं. रात्रभर थेंब थेंब आवाज येत होता. त्या दिवशी पितरांना नैवेद्य असतो, मातीचा करा पाण्याने भरून ठेवतात. आजीचं सोवळं कडक होतं. नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं म्हणजे घोर पाप, हे आम्हाला पाठ होतं.

सकाळी आजी घाटावर गेली होती, आई परसात. दादाने स्टुलावर चढून फडक्याची गाठ सैल केली. आधी एक बोट, मग दुसरं, मग बाळ्याला एक लपका, मग मला. ताजा चक्का साखरेशिवाय खाल्लाय कधी? किंचित आंबट, जिभेवर जड आणि थंडगार. थांबलो तेव्हा पुरचुंडीच्या एका बाजूला वाटीएवढा खळगा पडला होता आणि फडक्यावर आमच्या बोटांचे वळ होते.

मग जे केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मनी पायाशी घोटाळत होती. तिच्या तोंडाला, उजवीकडच्या मिशांना चक्का लावला. लोण्यासारखा चोपडला म्हणा. तिने डोळे मिटून जीभ फिरवली. पुरचुंडी खाली सोडली, पातेलं लवंडलं आणि आम्ही माडीवर पळालो.

आजीने ओरडा केला नाही. तिने मनीच्या मिशांवरचं पांढरं पाहिलं, ओलं फडकं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आता हिला लांब सोडून या." अख्खा चक्का गोठ्यातल्या गाईपुढे गेला. काकांनी गव्हाचं रिकामं पोतं झटकलं, मनीला आत घातलं, तोंड सुतळीने बांधलं आणि पोतं सायकलच्या हँडलला अडकवून मेणवलीच्या रस्त्याला लागले. पोतं आतून हलत होतं. आवाज मात्र नव्हता.

माळ्यावर पिलं आहेत हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. मोठ्यांना वाटत होतं की बोक्याने ती कधीच खाल्ली. चार पिलं, डोळे नुकते उघडलेले.

त्या दिवशी आम्ही कापसाची वात दुधात बुडवून त्यांच्या तोंडात पिळत होतो. उताणं धरून, तान्ह्या बाळाला पाजतात तसं. बाळ्या बोंडल्याने पाजू म्हणत होता. रात्री त्यांचं रडणं खाली ऐकू जाऊ नये म्हणून दादा माळ्यावर त्यांच्याशेजारी झोपला, सदरा काढून त्यांच्यावर घातला. दुसऱ्या दिवशी सगळ्यात लहान पिलू दूध घेईना. दुपारपर्यंत ते गार पडलं.

तेव्हा दादा खाली गेला आणि आजीसमोर उभा राहून म्हणाला, "चक्का मी खाल्ला." आमची नावं घेतली नाहीत. बाबांनी हात उचलला होता, आजीने तो धरला. संध्याकाळी दादा आणि मी चालत मेणवलीला गेलो, तीनेक किलोमीटर असेल. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट, मोठ्या घंटेचं देऊळ, सगळीकडे "मनी, मनी" करत हिंडलो. अंधार पडल्यावर काका शोधत आले आणि सायकलवर दोघांना डबलसीट घेऊन परतले. वाटभर कुणी बोललं नाही.

तिसऱ्या रात्री ती आली. मागच्या एका पायाचं नख उपटलेलं, अंग चिखलाने भरलेलं. आमच्याकडे न बघता थेट जिन्याने वर. उरलेली तिन्ही पिलं जगली.

परवा त्या कोपऱ्यात दादा एकदम म्हणाला, "मी तिच्या मिशांना लावला ना चक्का, ते डोक्यातून जात नाही." मी थक्क झाले. कारण ते मी केलं होतं. बोटावरच्या चक्क्याला तिचा एक पांढरा केस चिकटला होता, तो मी परकराला पुसला, हे मला आजही स्पष्ट दिसतं. दादाला त्याचं बोट दिसतं. आम्ही दोघं त्यावरून अक्षरशः भांडलो आणि मग गप्प झालो.

तुमच्या घरी असं काही घडलं होतं का? भावंडांनी मिळून केलेलं, आणि भोगलं घरच्या मुक्या जिवाने? लिहा. मला वाचायचं आहे.

रानमेवा

पिलू गार पडलं तिथे थांबले. पाणी पिऊन आले आणि मग पुढचं वाचलं.

आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी असायचंच. फुटलेली बरणी, सांडलेलं दूध, सगळं भाटीच्या, म्हणजे मांजरीच्या नावावर. पोत्यात घालून सोडून येणं तर घरोघरी होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

बडनेरा_लोको

ताई, हे वाचून मला माझ्या बहिणीला फोन करावा लागला. आता लिहितोच.

बडनेऱ्याला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. १९९१ ची गोष्ट. मोती नावाचा लालसर कुत्रा, क्वार्टरच्या पायरीवर झोपायचा. मी आठवीत, ताई दहावीत. सुट्टीतल्या रिकाम्या दुपारी मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा सुतळीने मोतीच्या शेपटीला बांधला. पोट्टे जमले होते, त्यांना दाखवायचं होतं. डबा वाजला की मोती पळायचा, पळाला की डबा आणखी वाजायचा. तो वेडापिसा झाला. तोंडाला फेस, डोळे पांढरे. तारेच्या कुंपणात अडकला तरी ओढतच होता. आम्ही सगळे हसत होतो अन् मग एकदम कुणालाच हसू येईना.

ताई धावत आली, त्याला मांडीत दाबून सुतळी सोडवायला लागली. त्याने तिच्या मनगटावर दात रोवले. डबा सुटल्यावर तोच तिची जखम चाटत होता.

आम्ही दोघांनी ठरवलं, अळीमिळी गुपचिळी. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या की कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, अन् कुत्र्याला मारून टाकतात. ताईला इंजेक्शनापेक्षा मोतीचं भ्या जास्त होतं. हळद भरली, आईला सांगितलं तार लागली. तीन दिवस ती लांब बाह्यांचा ड्रेस घालून फिरली, मे महिन्यात, बडनेऱ्याच्या उन्हात! चौथ्या दिवशी मनगट टम्म सुजलं तेव्हा मी रडत रडत सगळं सांगितलं.

चौदाच्या चौदा घेतल्या तिने, बेंबीभोवती. रोज सकाळी बाबांच्या सायकलवर सरकारी दवाखान्यात. मी मागे पळत जायचो. ती आतून बाहेर यायची अन् पहिला प्रश्न, "मोतीला कोणी नेलं नाही ना?" बाबांनी मोतीला दहा दिवस साखळीने बांधून त्याच्यावर लक्ष ठेवलं. त्याला काही झालं नाही.

आज फोनवर तिला म्हणालो, तेव्हाची माफी मागायची राहिली. ती म्हणाली, मोतीची मागितलीस का? मागितली नव्हती.

पशुवैद्य_सांगली

व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर आहे. दोन्ही आठवणी काळजाला भिडल्या. काही गोष्टी लिहितो, कारण आज ज्यांच्या घरात लहान मुलं आणि जनावरं आहेत तेही वाचत असतील.

बडनेरा, तुमच्या ताई वाचल्या हे फार मोठं नशीब. कुत्रा पिसाळलेला असता तर त्या तीन दिवसांची किंमत जिवाने मोजावी लागली असती. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा, ओरखडा काहीही असो, वाहत्या पाण्याखाली साबण लावून सलग पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना. ती पोटातली चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लशीची असत. आपल्याकडे तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आता दंडात घेतात, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. चावा खोल असेल तर जखमेत वेगळं सीरमही देतात. मुलांना हे मुद्दाम सांगा की चावलं तर लपवायचं नाही, आणि सांगितलं म्हणून तुमच्या कुत्र्याला कुणी मारणार नाही. कुत्रा किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवतात. बडनेऱ्याच्या बाबांनी अगदी बरोबर केलं.

कृष्णाकाठची ताई, तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. त्या पिलाला तुम्ही मायेनेच पाजलंत. पण पिलाला उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. ते पोटावर, आईला लुचतं तसंच धरावं लागतं. गाईचं दूध त्यांना पुरत नाही, जुलाब होतात. आणि पहिले तीनेक आठवडे पिलाला स्वतःहून शू-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून ते करवावं लागतं. ऊब तर दुधाच्याही आधी लागते. तुमच्या दादाने सदरा काढून घातला, शेजारी झोपला. उरलेल्या तिघांना त्या उबेनेच तारलं असेल.

मिशांचं म्हणाल तर कापताना दुखत नाही, पण मुळाशी मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. अंधारात फट किती रुंद आहे हे मांजर मिशांवरून जोखतं. म्हणून ती चौकटीला घासत होती. मिशा पुन्हा येतात, काही आठवड्यांत, पूर्ण लांबीला जास्त वेळ लागतो.

कृष्णाकाठची

डॉक्टर, उताणं धरल्याचं वाचून हात थांबले. पण कळलं ते बरं झालं. दादाला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला, सदऱ्याचं वाक्य सगळ्यात आधी.

देवगडचो

जरा वेगळी आठवण. देवगडला आजोळी आम्ही चुलत-मामे मिळून सात-आठ जण. मोठ्या मामेभावाला एक विद्या अवगत होती. कोंबडी धरायची, तिची मान अलगद जमिनीला टेकवायची आणि चोचीपासून सरळ पुढे खडूने रेघ ओढायची. हात काढला तरी कोंबडी तशीच पडून राहते, डोळे उघडे, टक लावून. एका दुपारी आजी जरा लवंडली असताना आम्ही खळ्यातल्या अकरा कोंबड्या अशा ओळीने निजवल्या. आजी बाहेर आली आणि तिने हंबरडाच फोडला, "अरे मेल्यांनू, माझी कोंबडी मेली!" तिला वाटलं मर लागली. तिच्या ओरडण्याने त्या एकदम उठून चहूकडे पळाल्या.

आजी तिथेच खाली बसली. छातीवर हात. अंडी विकून ती आमच्या मावशीच्या शिक्षणाचे पैसे पाठवायची, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्यातली एक खुडूक कोंबडी परत अंड्यांवर बसलीच नाही. एका खेळापायी तेरा अंडी गेली.

डॉक्टर, हे नक्की काय असतं?

पशुवैद्य_सांगली

भीतीने येणारं लुळेपण. आता आपण शिकाऱ्याच्या तावडीत सापडलो असं पक्ष्याला वाटतं आणि तो मेल्यासारखा निपचित पडतो. रेघेचं त्यात फारसं काही नाही, मान दाबून धरण्याचं आहे. युरोपात अथानासिअस किर्चर नावाच्या पंडिताने १६४६ मध्ये हा प्रयोग लिहून ठेवला आहे. पाहणाऱ्याला ती झोप वाटते, पण आत काळीज धडधडत असतं. कृपया मुलांना करून दाखवू नका.

मिठूची_ताई

कोल्हापूर. आमच्याकडे पिंजऱ्यात पोपट होता, तेव्हा घरोघरी असायचा. धाकट्या भावाने महिनाभर खपून त्याला आईच्या आवाजात माझं नाव घ्यायला शिकवलं. मी अभ्यासाला बसले की मिठू हाक मारायचा, मी "आले आई" म्हणून खाली धावायची. एकदा आईने खरंच हाक मारली, ती जिन्यात पाय घसरून पडली होती, आणि मला वाटलं मिठूच आहे. दहा मिनिटं मी उठले नाही. आईचा घोटा मोडला होता.

भावाने त्या रात्री पिंजरा उघडला. मिठू गेला नाही. पंखांची पिसं कापलेली, जाणार कुठे? सकाळी पिंजऱ्याच्या टपावर बसून आईच्याच आवाजात मला हाका मारत होता. आजही ती हाक आठवली की पोटात खड्डा पडतो.

आपल्या देशी पोपटाला पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. कुणाच्या घरी अजून असेल तर परस्पर सोडून देऊ नका. वन विभागाला कळवा. उडायची सवय मोडलेला पक्षी बाहेर दोन दिवसही टिकत नाही.

शेवगा

पुण्यातून. आम्हा दोघा बहिणींना कारलं आवडायचं नाही, ते टेबलाखालून ब्राउनीला जायचं. नंतर कांद्याची भाजीही द्यायला लागलो. तो मरगळला, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी लालसर होऊ लागली. डॉक्टरांनी विचारलं, कांदा दिला का? आई म्हणाली, छे. ताईने माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, "हो, रोज." वाचला तो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट, यातलं काहीच कुत्र्याला देऊ नका.

रानमेवा

ताईंनी हात दाबला आणि स्वतःच सांगितलं, तेच त्या दादाने केलं, तेच बडनेऱ्याने. मोठे असोत की धाकटे, भावंडांमध्ये एक जण आधी तोंड उघडतो आणि बाकीच्यांचंही स्वतःवर घेतो.

कृष्णाकाठची, मनीचं पुढे काय झालं ते सांगाल का? आणि चक्का कुणी लावला ते ठरलं का?

कृष्णाकाठची

ठरलं नाही. काल रात्री आम्ही तिघं एकत्र फोनवर होतो. बाळ्याला विचारलं. त्याला चक्का आठवतच नाही. त्याला फक्त त्या लहान पिलाचं पोट आठवतं, गुलाबी आणि दुधाने टरारलेलं. पारिजातकाखाली पुरताना त्याने त्याच्याजवळ आपली लाकडी गाडी ठेवली होती, हे दादा आणि मी दोघंही विसरलो होतो. दादा म्हणाला, बोट माझंच. मी म्हटलं, माझं. मग राहू दिलं.

मनी पुढे सात वर्षं होती. दादाच्या पायाशीच झोपायची, तोच मिशा कापणारा दादा. परत आली त्या दिवसापासून आजी आधी तिचा दूधभात कालवायची आणि मग देवघरात जायची. फक्त पोतं दिसलं की मनी घर सोडून पळायची आणि दोन-दोन दिवस यायची नाही. धान्य आलं की पोती स्वयंपाकघरालगतच्या कोठीच्या खोलीत रचलेली असत, आजीच्या आईच्या काळापासून. त्या पावसाळ्याआधी आजीने काकांना सगळी पोती उचलून मागच्या पडवीत न्यायला लावली. काका म्हणाले, तिथे ओल येते, गहू खराब होईल. आजी म्हणाली, होऊ दे.

परवा सामान काढलं तेव्हाही पोती पडवीतच होती.